ध्यान, श्रद्धा आणि औषध: मानसिक आजारात कशाची मात्रा किती

मानसिक आजाराचे निदान झालेल्या माणसाला सल्ल्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. कोणी त्याला रोज ध्यानाला बसायला सांगतो, कोणी देवावर भार टाकायला सांगतो, कोणी सवय लागेल म्हणून गोळ्या सोडायला सुचवतो, तर कोणी गोळ्यांखेरीज बाकी सगळे थोतांड असल्याचे बजावतो. यांतले पहिले दोन सल्ले मुळात वाईट नाहीत. पण औषधाच्या चिठ्ठीवर जशी मात्रा, वेळ आणि पथ्य लिहिलेले असते, तसे ध्यानाच्या किंवा उपासनेच्या बाबतीत कोणी लिहून देत नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

पुढील मांडणी नैराश्य, बायपोलर विकार, चिंताविकार, मंत्रचळ (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा ओसीडी) किंवा स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार) यांपैकी एखाद्या आजाराचे निदान होऊन उपचार सुरू झालेल्या व्यक्तीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे. निदान झालेले नसेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा बिघाड किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणे दिसू शकतात, आणि अशा वेळी मूळ कारणावर उपचार झाल्याशिवाय कितीही साधना केली तरी ती हटत नाहीत.

आधी झोप आणि औषध

ध्यानाचा विचार करण्यापूर्वी झोपेची घडी बसवावी. झोपण्याची वेळ हुकली तरी उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवावी, कारण शरीराचे घड्याळ मुख्यतः सकाळचा उजेड आणि उठण्याची वेळ यांवर लागते. बायपोलर विकारात हे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण एखाद-दुसऱ्या रात्रीचे जागरण उन्मादाचा, म्हणजे उत्साह बेसुमार चढण्याचा, झटका सुरू करू शकते. झोप कमी होऊनही थकवा वाटत नसेल, उलट उत्साह वाढत असेल, तर ती आनंदाची खूण न मानता डॉक्टरांना कळवण्याची खूण मानावी.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट आधी कळली असती तर पुष्कळ माणसांनी उपचार अर्ध्यावर सोडले नसते. नैराश्यावरील बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, मात्र मळमळ, अस्वस्थता, झोपेतील बदल यांसारखे दुष्परिणाम पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात माणसाच्या पदरात त्रास तेवढा पडलेला असतो आणि लाभ अजून वाटेवर असतो. या टप्प्यावर गोळी मनाने बंद करण्याऐवजी डॉक्टरांना फोन करावा. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा दुसरे औषध देणे, असे अनेक मार्ग त्यांच्याकडे असतात. बरे वाटू लागल्यावरही गोळ्या एकदम तोडू नयेत. नैराश्याच्या अनेक औषधांच्या बाबतीत असे केल्यास चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना होऊ शकतात, आणि लिथियम अचानक थांबवल्यास उन्माद उलटण्याचा धोका वाढतो. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरील लिथियमचा उपयोग 1949 साली मांडला, आणि इतक्या वर्षांनंतरही ते बायपोलर विकारातील एक प्रमुख औषध आहे. मात्र त्याची रक्तातील पातळी गुणकारी असणे आणि विषारी होणे यांतील अंतर फार थोडे असल्याने ठरावीक काळाने रक्ततपासणी चुकवता येत नाही.

ध्यान: किती, कसे आणि केव्हा नाही

आजारपणात ध्यानाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे, पण तो आधार नेमका कशाचा आहे हे पाहणे आवश्यक आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन दुखणी आणि ताण यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे झिंडेल सिगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी त्याला विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराची जोड देऊन नैराश्यासाठी वेगळी पद्धत तयार केली. त्यांची पहिली मोठी चाचणी 2000 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण बरेच घटले, पण दोनच झटके आलेल्यांमध्ये तसा लाभ दिसला नाही. शिवाय या चाचणीत भाग घेणारी माणसे त्या वेळी आजारातून सावरलेली होती. म्हणजे हे ध्यान बुडत्याला बाहेर काढण्यासाठी नव्हते, तर काठावर आलेल्याने पुन्हा आत पडू नये म्हणून होते. हा फरक ध्यान शिकवणाऱ्यांपैकी फार थोडे जण सांगतात, आणि म्हणूनच ऐन नैराश्यात ध्यान जमले नाही की माणूस त्याचाही दोष स्वतःकडे घेतो.

सुरुवात तीन ते पाच मिनिटांनी करावी. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा आग्रह नको. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून बसावे. डोळे मिटण्याऐवजी नजर दोन-तीन हातांवरच्या एखाद्या वस्तूवर सैल टेकवावी. लक्ष श्वासावर ठेवण्याची पद्धत सर्वश्रुत असली, तरी ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांना श्वासाकडे पाहू लागताच तो कोंडल्यासारखा वाटतो. त्यांनी तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श, हातात धरलेली एखादी खरबरीत वस्तू किंवा खोलीतले आवाज यांवर लक्ष ठेवावे. मन भरकटणारच. ते भरकटल्याचे ध्यानात आले की फारशी चिडचिड न करता परत आणावे, एवढीच यातली कृती आहे, आणि मन रिकामे करणे हे तिचे उद्दिष्ट नाही. वेळ संपल्यावर लगेच उठू नये. खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत आणि मगच उठावे.

ज्या दिवशी अंथरुणातून उठणेही जड जाते त्या दिवशी बसून ध्यान करण्यापेक्षा चालणे चांगले. नैराश्यात एका जागी डोळे मिटून बसलेले मन बहुधा ध्यान करत नाही, ते त्याच त्या विचारांचा रवंथ करते. दहा मिनिटे हळू चालताना टाच टेकणे, पाऊल पुढे पडणे आणि दुसरी टाच उचलली जाणे यांकडे लक्ष दिले तर तेही ध्यानच असते, आणि शरीर हलल्याचा लाभ वेगळा मिळतो.

भास होणाऱ्या किंवा आवाज ऐकू येणाऱ्या व्यक्तींना ध्यान पूर्ण वर्ज्य आहे असे पूर्वी मानले जाई. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ पॉल चॅडविक यांनी अशा व्यक्तींसाठी गटातून करायचे ध्यान विकसित केले, आणि त्यातील बदल बोलके आहेत: एका वेळचे ध्यान सुमारे दहा मिनिटांपुरते असते आणि मधे लांब शांतता न ठेवता मार्गदर्शक सतत बोलत राहतो. आवाज आला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याची आज्ञा पाळायची नाही आणि तो बंद पाडण्याचा आटापिटाही करायचा नाही. ‘आवाज येतो आहे’ एवढी नोंद घेऊन लक्ष तळव्यांकडे वळवायचे. हे एकट्याने पुस्तक वाचून करू नये. उपचार करणाऱ्यांच्या माहितीत आणि आजार आटोक्यात असतानाच करावे.

आता ध्यान केव्हा करू नये, याविषयी. अनेक दिवस मौन पाळून रोज दहा-दहा तास बसण्याच्या शिबिरांना मानसिक आजार असलेल्या माणसाने, विशेषतः ज्याला पूर्वी उन्माद किंवा भास झाले आहेत त्याने, जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राउन विद्यापीठातील जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करणाऱ्यांनी सांगितलेल्या त्रासदायक अनुभवांची पद्धतशीर नोंद आहे: भीती, झोप उडणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे, जुन्या आघातांच्या आठवणी उसळणे आणि काहींच्या बाबतीत भ्रमही. असे काही झाले तर ‘ही साधनेतली पायरी आहे, पुढे जात राहा’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. ध्यान थांबवावे, डोळे उघडून चालावे, काहीतरी खावे, कोणाशी तरी बोलावे, आणि त्रास दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांना सांगावे. उन्मादाकडे झुकणाऱ्या काळात जलद श्वासाचे प्रकार आणि रात्री उशिराची साधना पूर्ण बंद ठेवावी. त्या काळात श्वासाचा व्यायाम करायचाच असेल तर सावकाश आणि लांब सोडलेल्या श्वासापुरता तो असावा.

शिक्षक निवडताना त्याला आपला आजार सांगावा आणि असा विद्यार्थी त्याने पूर्वी शिकवला आहे का, त्रास झाला तर तो काय करतो, आणि औषधांविषयी त्याचे मत काय आहे, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘माझ्याकडे आलात की गोळ्या सुटतील’ असे उत्तर आले, तर दुसरा शिक्षक शोधावा.

श्रद्धेचा आधार

श्रद्धा नसलेल्याने ती औषध म्हणून अंगी बाणवण्याचा प्रयत्न करू नये, तसा प्रयत्न टिकतही नाही. त्याने हा भाग सोडून पुढे गेले तरी चालेल. पण ज्याची श्रद्धा आहे त्याच्यासाठी ती उपचारांच्या बाहेरची गोष्ट नसते, कारण आजाराचा अर्थ तो तिच्याच भाषेत लावत असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटात माणसे धर्माचा आधार कसा घेतात याचा दीर्घ अभ्यास केला आणि त्यात दोन वळणे दाखवली. काही जण देवाला सोबती मानतात, त्याच्याकडे बळ मागतात, आपल्या धर्मबांधवांची साथ घेतात, आणि त्यांना बहुधा आधार मिळतो. काही जणांना मात्र हा आजार म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा वाटते, देवाने टाकल्यासारखे वाटते, आणि त्यांचा त्रास वाढलेला आढळतो. नैराश्यात दुसरे वळण फार सहज लागते, कारण अपराधी वाटणे हे मुळात त्या आजाराचेच एक लक्षण आहे. म्हणून ‘मी पापी आहे म्हणून हे भोगतो आहे’ हा विचार जोर धरू लागला तर तो आपल्या धर्माचा निवाडा न समजता आजाराची नोंद म्हणून वहीत लिहावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.

प्रार्थनेचा शरीरावर होणारा परिणाम मोजताही आला आहे. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातील मंत्र यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरलेली आढळली, आणि ती लय हृदय व रक्ताभिसरण यांच्या स्वाभाविक लयीशी जुळणारी होती. धर्म वेगळे, भाषा वेगळी, आणि श्वास मात्र एकच. ज्याला ध्यानाला बसणे जमत नाही त्याने लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना किंवा जप सावकाश, शक्य तर पुटपुटत म्हणावा. पाठ असलेल्या शब्दांना विचारशक्ती लागत नाही, आणि वाईट दिवसांत तीच सर्वांत आधी संपलेली असते.

मंत्रचळाच्या रुग्णाने मात्र येथे सावध राहावे. या आजाराचा एक प्रकार धार्मिक रूप घेऊन येतो: प्रार्थनेतला एक शब्द चुकला, मनात अपवित्र विचार आला, म्हणून सगळे पहिल्यापासून, आणि तरीही समाधान नाही. अशा वेळी जप वाढवणे म्हणजे आजाराला खाद्य देणे होय. यावरचा मान्य उपचार म्हणजे भीती वाटणाऱ्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि नंतरची पुनरावृत्ती न करणे. प्रार्थना एकदाच, ठरलेल्या वेळात, आणि चुकली तरी पुन्हा नाही, असा नियम थेरपिस्टच्या मदतीने ठरवावा. आपल्या धर्मातील एखाद्या समंजस जाणकाराने या नियमाला संमती दिली तर तो पाळणे रुग्णाला पुष्कळ सोपे जाते.

व्रते आणि उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारण्याची सवय ठेवावी, आणि असे विचारल्याने श्रद्धा उणी होत नाही. लिथियम घेणाऱ्याने पाणी बंद केले किंवा मीठ एकदम तोडले तर रक्तातील लिथियमची पातळी वाढू शकते. हात जोरात थरथरणे, उलट्या, तोल जाणे आणि बोबडे बोलणे ही तिची लक्षणे असून अशा वेळी तातडीने रुग्णालयात जावे लागते. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर नैराश्यावरील ल्युरासिडोनसारखे औषध किमान 350 कॅलरींच्या अन्नाबरोबरच नीट शोषले जाते, त्यामुळे उपाशीपोटी घेतल्यास त्याचा बराच भाग वाया जातो. स्किझोफ्रेनियावरील क्लोझापिन घेणाऱ्याच्या बाबतीत तर चांगला संकल्पही आधी सांगावा लागतो, कारण धूम्रपान सोडल्यावर या औषधाची रक्तातील पातळी चढते आणि मात्रा कमी करण्याची गरज पडू शकते. रात्रभर जागून करायच्या उपासनेविषयी बायपोलर रुग्णासाठी वेगळे सांगायला नको.

देव आपल्याशी बोलतो असे वाटणे आणि भास यांतला फरक कसा ओळखावा, हा प्रश्न श्रद्धावान कुटुंबांना खरोखरच छळतो. अनुभव आपल्या परंपरेतल्या इतर माणसांच्या अनुभवांशी जुळतो का, त्यानंतर माणूस अधिक शांत आणि कामाला लागणारा झाला की झोप, जेवण आणि माणसे सोडून बसला, आणि त्या आवाजाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगितले का, हे पाहावे. इजेची आज्ञा आली तर तिचा अर्थ लावत बसू नये, त्याच दिवशी उपचार मिळवावेत.

श्रद्धा आणि व्यवहारी आधार एकत्र आल्याचे एक फार जुने उदाहरण बेल्जियममधील खील या गावात आहे. मानसिक रुग्णांची कैवारी मानल्या जाणाऱ्या संत डिम्फ्ना यांच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन येत. चर्चमध्ये जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले, आणि ती रीत पुढे शतकानुशतके चालली. 1930च्या दशकाच्या अखेरीस गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते. तिथे त्यांना रुग्ण म्हणण्याची पद्धत नाही. आज वैद्यकीय देखरेख रुग्णालयाची असते आणि राहणे, जेवणे, घरकामात हातभार लावणे हे कुटुंबात होते. या उदाहरणातून घेण्यासारखे एवढेच की नवस फेडायला आलेल्यांना खरा टेकू मिळाला तो शेजारच्या घरातल्या ठरलेल्या दिनक्रमाचा.

माणसे आणि लिहून ठेवलेला कागद

घरच्यांच्या वागण्याचा आजारावर परिणाम होतो, हे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी 1950च्या दशकात लंडनमध्ये सुरू केलेल्या संशोधनातून पुढे आले. रुग्णालयातून परतलेली स्किझोफ्रेनियाची व्यक्ती सतत टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरात गेली तर आजार उलटण्याचे प्रमाण जास्त होते, आणि अशा नातेवाइकाशी आठवड्याला 35 तासांहून अधिक समोरासमोर संबंध आला तर आणखी जास्त. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार झाला असा नाही. याचा व्यवहारी अर्थ असा की दिवसाचे काही तास दोघांनी वेगवेगळ्या जागी घालवणे दोघांच्याही हिताचे आहे, आणि ‘तू आळशी झालास’ म्हणण्याऐवजी ‘आज आंघोळ झालेली नाही, पाणी काढून ठेवू का’ असे नेमके बोलणे उपयोगाचे ठरते. काळजी घेणाऱ्या व्यक्तीने आठवड्यातले काही तास स्वतःसाठी राखावेत आणि त्या वेळेत फोन दुसऱ्या नातेवाइकाकडे द्यावा.

डॉक्टरांच्या भेटीसाठी एका पानाची नोंद पुरते: झोपेचे तास, चुकलेल्या गोळ्या, मनःस्थितीला शून्य ते दहा यांपैकी अंक, आणि विचारायचे दोन प्रश्न. पैशाची तजवीजही बऱ्या दिवसांतच करावी. उन्मादात हात सैल सुटतो, म्हणून कार्डाची खर्चमर्यादा कमी ठेवणे, मोठ्या खरेदीपूर्वी दोन रात्री थांबण्याचा आणि एका ठरलेल्या माणसाला विचारण्याचा नियम करणे, हे त्याच व्यक्तीने स्वतःच्या संमतीने ठरवलेले असावे. लादलेले असेल तर पहिल्याच झटक्यात मोडते. नोकरीच्या ठिकाणी आजार सांगावा की नाही याचे एकच उत्तर नाही. निदान न सांगताही सकाळच्या पाळीऐवजी उशिराची पाळी किंवा शांत जागा मागता येते, आणि बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे संकटकाळाचा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी तयार केलेला सुरक्षा-आराखडा सहा टप्प्यांचा आहे आणि तो एका पानावर मावतो. संकट जवळ आल्याच्या माझ्या खुणा कोणत्या. मी एकट्याने काय करून वेळ निभावू शकतो. कोणत्या माणसांत किंवा ठिकाणी गेल्यावर मन वळते. कोणाला सरळ मदत मागता येते. कोणत्या डॉक्टरांना, हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाला फोन करायचा. आणि घरातील घातक वस्तू व साठलेल्या गोळ्या कोणाकडे ठेवायच्या. प्रार्थना आणि तळव्यांवरचे ध्यान यांची जागा दुसऱ्या टप्प्यात आहे. ती केल्यावरही विचार ओसरले नाहीत तर पुढच्या टप्प्यावर जायचे, आणि धोका तातडीचा वाटत असेल तर मधले टप्पे गाळून थेट आपत्कालीन सेवेला फोन करायचा. शेवटच्या टप्प्याला घरातले लोक बिचकतात. पण टोकाची इच्छा पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे जीव वाचवते. आत्महत्येविषयी सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, त्यामुळे विचारायला कचरू नये.

हा कागद डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याबरोबर बसून लिहावा, त्याची एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे द्यावी आणि फोन क्रमांक बदलला की तोही बदलावा. आजार उलटून पुन्हा सावरल्यावर तो परत काढून पाहावा, कोणती खूण लिहायची राहिली ती भरावी, आणि ध्यान पूर्वीच्या वीस मिनिटांपासून नव्हे, तर पुन्हा तीन मिनिटांपासून सुरू करावे.